मायाप्पामामाचा भंडारा

आम्ही गाव सोडलं तेव्हा सगळ्यात मागे मायाप्पामामा चालत होता. बाहत्तरच्या दुष्काळातली सकाळ होती. पुढे माझा थोरला भाऊ सिद्धाप्पा, ज्याला मी अण्णा म्हणतो. मध्ये मी. मागे मामा, म्हणजे आईचा धाकटा भाऊ, खांद्यावर घोंगडं आणि हातात काठी घेऊन. काठीचं काही काम उरलेलं नव्हतं. त्याची बहुतेक मेंढरं चाऱ्यावाचून गेली होती आणि जी वाचली ती त्याने आमच्या वडिलांच्या कळपात सोडली होती. मामी ती राखायला गावातच राहिली.

आमचं गाव जत तालुक्यात, कर्नाटकाच्या हद्दीला लागून. आईला अव्वा म्हणायची पद्धत तिकडूनच आलेली. अव्वा त्या दिवशी दुष्काळी कामावर खडी फोडायला निघाली होती. ती फाट्यापर्यंत आमच्याबरोबर आली आणि खडीच्या ढिगाकडे वळली. वडील, म्हणजे आप्पा, एवढंच म्हणाले, "मागं कोन राह्यलं ते बघत जावा. म्होरचं आपसूक जातंय."

मेंढरं घेऊन चालताना कळपातला जाणता माणूस मागे असतो, हे आमच्याकडे कुणाला सांगावं लागत नाही. पुढची मेंढरं वाट धरून जातात. लंगडं, नुकतं व्यालेलं, थकलेलं मागे पडतं, आणि ते ओळखायला नजर लागते. पोरंसोरं पुढे, म्हातारा मागे. मामा त्या सवयीने मागे चालत होता. राखायला आम्ही दोघेच होतो.

हे मी गावात राहिलेल्यांसाठी लिहितो आहे आणि आमच्यासारखेच बाहेर पडलेल्यांसाठीही. गावात राहिलेल्यांना यातला शेवट माहीत आहे, बाहेर पडलेल्यांना सुरुवात.

अण्णा त्याआधीच बाहेर पडला होता. आष्ट्याला एका ऑइल इंजिन दुरुस्तीच्या कारखान्यात तो हरकाम्या म्हणून लागला, तिथल्या लहानशा भट्टीवर साचे घालायला शिकला आणि ती कारागिरी घेऊन साताऱ्याच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका ओतकामाच्या कारखान्यात मोल्डर झाला. आम्हाला न्यायला तो आला तेव्हा त्याच्या अंगात पँट होती आणि गावातली पोरं त्याच्या मागे फिरत होती. त्याने मामाला त्याच कारखान्यात वाळूच्या कामावर लावलं. साच्याची वाळू चाळायची, भिजवायची, मळायची. मी मॅट्रिक झालेलो होतो. मला एका स्थानिक दैनिकात प्रुफं तपासायचं काम मिळालं आणि पुढे मी तिथेच वार्ताहर झालो.

वसाहतीच्या कडेला पत्र्याच्या चाळीत आमची एक खोली होती. अण्णाचं लग्न झाल्यावर पडदा लावून तिच्या दोन केल्या. रुक्मिणीवहिनी आमच्याच भागातल्या. मामाचं घोंगडं खाटेवर असायचं. कुणी पाहुणा यायचा असला की अण्णा किंवा मी ते खाटेखाली ढकलत असू. त्याला लोकरीचा वास यायचा. मामा ते पाहायचा आणि पाहुणा गेल्यावर स्वतः बाहेर काढून झटकायचा.  

कारखान्यात दोन प्रकारची माणसं होती. रहिमतपूर, कोरेगावकडची माणसं होती, त्यांची घरची ऊसशेती असायची, एखादा भाऊ पलटणीत असायचा. आणि पूर्वेकडून दुष्काळात आलेले आम्ही, ज्यांच्या मागे कोरडं रान होतं. डबा खाताना दोन घोळके वेगळे बसत. एकदा ओतकामात वितळलेल्या लोखंडाचा रस सांडून पूर्वेकडच्या एका माणसाचा पाय भाजला. साहेबांनी त्याला घरी पाठवलं आणि दुसऱ्या पाळीला काम चालू ठेवायला सांगितलं. अण्णाने हातातला साचा खाली ठेवला. तो रहिमतपूरकरांच्या घोळक्यात जाऊन बसला आणि म्हणाला, "आज त्येचा पाय हाय. रस काय गाव इचारून सांडत न्हाई." पूर्वेकडच्या माणसासाठी ते पहिल्यांदाच उठले. तिथून युनियन सुरू झाली. हे मी पाहिलेलं नाही, शंकरकडून ऐकलेलं आहे. शंकर हा रहिमतपूरचा तरणा गडी, भट्टीवर कामाला. पुढे त्याचं नाव पुन्हा येणार आहे.

आणीबाणीत सगळं गप्प होतं. ती उठल्यावर वर्षाच्या आत संप पुकारायचं ठरलं. अण्णापुढे अडचण एकच होती. रहिमतपूरकर संपात घरी जाऊन उसाला पाणी पाजू शकत होते. पूर्वेकडच्यांना जायला जागा नव्हती. पहिल्यांदा तेच फुटतील, हे त्याला माहीत होतं आणि साहेबांनाही. म्हणून त्याने बिरोबाचा भंडारा मागवला.

भंडारा म्हणजे हळदीची पूड. आमच्याकडे देवाचा भंडारा उचलून दिलेला शब्द मोडत नाहीत. त्याची रीत ठरलेली आहे. घोंगडं अंथरायचं, त्यावर भंडारा ठेवायचा, देणाऱ्याने शब्द बोलायचा आणि घेणाऱ्याने कपाळाला लावायचा. त्या शब्दातून मोकळं व्हायचं तर ज्याने भंडारा दिला त्यानेच तो चार माणसांसमोर माघारी घ्यायचा. दुसरा मार्ग नाही.

रविवारी सकाळी चाळीमागच्या मैदानात सगळे जमले. अण्णाने खाटेखालून घोंगडं काढलं. इतकी वर्षं लपवलेलं ते घोंगडं त्या दिवशी त्याने सगळ्यांसमोर दोन्ही हातांनी झटकून अंथरलं. पूर्वेकडच्या माणसांनी ते पाहिलं आणि चपला काढल्या. अण्णा बोलला, "समदे आत जातील तवाच आपुन आत जायाचं. एकबी माणूस भाईर राह्यला तर कुनीच जायाचं न्हाई."

रहिमतपूरकरही गंमत बघायला आले होते. शंकर म्हणाला, "आमचा ज्योतिबा गुलालाचा. तुमचा भंडारा आमाला लागू पडंल व्हय?"

मामा म्हणाला, "लावून तर बघ. धुऊन निघाला न्हाई म्हंजी लागला."

लोक हसले. शंकरने बोट बुडवून कपाळाला लावलं. त्याच्या मागून बाकीचेही आले. अण्णाला हे अपेक्षित नव्हतं. तो माझ्याकडे बघून हसला. तो इतका मनापासून हसलेला मी नंतर पाहिला नाही.

संप लांबला. पूर्वेकडचा एकही माणूस फुटला नाही. वाळू मळणाऱ्या माणसांनी बांधावर मजुरी केली, कुणी रस्त्याच्या कामावर गेलं, पण गेटाच्या आत कुणी पाऊल टाकलं नाही. अखेर बोलणी झाली. अण्णाने बरंच मिळवलं. भाजलेल्या माणसाला हलकं काम, भट्टीवरच्यांना चामडी बूट आणि चष्मे, पाळीची ठरलेली वेळ. साहेबांची अट एक होती. शंकरला घेणार नाही. गेटवरच्या धक्काबुक्कीत त्याने एका सुपरवायझरची कॉलर धरली होती. अण्णाने ती मान्य केली.

हा समझोता वाईट होता असं मी तेव्हाही म्हटलं नाही, आताही म्हणत नाही. चाळीत त्या संध्याकाळी गोड झालं. शंकर स्वतः हार घेऊन आला. अण्णाला खांद्यावर घेणाऱ्यांत तोही होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी सगळे आत गेले. मामा गेटापाशी थांबला. अण्णाने हाक मारली. मामा म्हणाला, "शंकर कुठं हाय?"

"मामा, त्यो न्हाई येत. ठरलंय तसं."

"मग माझं कसं ठरलंय?"

अण्णाला वाटलं, म्हातारा आज हट्टाला पेटला आहे, उद्या येईल. तो आत गेला. मामा समोरच्या कडुनिंबाखाली बसला. दुपारी तिथेच डबा खाल्ला. पाळी सुटल्यावर सगळ्यांबरोबर घरी आला, हातपाय धुतले आणि जेवायला बसला. दुसऱ्या दिवशी पुन्हा तसंच. बाकीच्या पूर्वेकडच्या माणसांचं काय, असं कुणी विचारेल. त्यांनीही भंडारा लावला होता. ते खाली बघत आत गेले. त्यांतल्या काहींनी नंतर मला सांगितलं की अण्णा पुढे गेला म्हणून आम्ही गेलो. पुढचं आपसूक जातं, हे आप्पांनी सांगितलेलंच होतं.

गेटासमोर चहाची टपरी होती. टपरीवाला रोज विचारायचा, "काय मामा, आज तरी आत का?"

"आत जायाला पाय हाईत," मामा म्हणायचा, "जीभ आडवी येतीया."

कुणी म्हणे, कारखान्याने नवीन वॉचमन नेमलाय, बिनपगारी. मामा त्यावर हसायचा. तो कुणाविरुद्ध बसला नव्हता. घोषणा नव्हती, फलक नव्हता. त्याच्या लेखी तो कामावर होता, फक्त आत जाता येत नव्हतं.

मग शंकर आला. मी त्या दिवशी टपरीवर होतो. सायकल टेकवून तो मामासमोर उकिडवा बसला.

"मामा, मला नोकरी नगं हाय. थोरला पलटणीत गेलाय, ऊस मलाच बघाय लागतोय. तुमी जावा आत. माझ्यापायी बसू नगा."

"तुला पायजे का नगं, ह्ये मी कुठं इचारलंय?"

"मग?"

"तू भाईर हायस का न्हाई?"

"हाय की."

"मग झालं."

शंकर उठला. जाताना त्याने सायकलच्या पिशवीतला ऊस काढून मामापाशी ठेवला. पुढे तो आठवड्याच्या बाजाराला आला की टपरीवर थांबायचा.

घरी डबा वहिनी भरायच्या. एक अण्णाचा, एक मामाचा. अण्णा आता मोल्डर राहिला नव्हता. युनियनच्या कामाने तो दिवसभर फिरायचा, तालुक्याचे पुढारी त्याला जीपमधून न्यायचे. एका सकाळी वहिनी दोन्ही डबे पुढ्यात ठेवून त्याला म्हणाल्या, "रोज दोन डबं भरतीया मी. एक कामावर जात न्हाई, आन् एकाचं काम काय त्ये मला कळंना." अण्णा डबा न घेताच गेला.

मामाने मागितलं ते फार नव्हतं. एके दिवशी तो युनियनच्या ऑफिसात गेला. मी तिथे दुसऱ्या बातमीसाठी बसलो होतो.

"सिद्धू, भंडारा माघारी घे. मी उद्या कामावर जातो."

"बरं, घेतला. जावा."

"असं न्हवं. चार माणसं बोलव. घोंगडं मी आनतो. दिलास तवा समद्यांसमोर दिलास."

अण्णा उठून दाराशी गेला आणि परत आला. "मामा, चार माणसांम्होरं मी काय बोलू? मी शब्द मोडला म्हणून सांगू? झेडपीचं तिकीट मिळायला लागलंय. निवडणूक हुंद्या. मग गावाला जाऊन देवापुढंच घेऊ. मोठ्ठं करू."

"मोठ्ठं कशाला?" मामा म्हणाला. "चार माणसं पुरं हाईत."

 तो काठी घेऊन निघाला. अण्णाने माझ्याकडे पाहिलं, मी दुसरीकडे. साताऱ्यात मला लोक विचारत, गेटावर बसतात ते तुमचे कोण. मी मामा म्हणून सांगायचो. पुढचा प्रश्न कुणी विचारत नसे. विचारला असता तर बरं झालं असतं, असं वाटायचं.

अण्णाला तिकीट मिळालं. उसाच्या गटात जतकडचा माणूस उभा आहे, हीच बातमी होती. समोरच्या उमेदवाराने उपरा म्हणून सुरुवात केली, ते लोकांना फारसं पटलं नाही. कामगारांची मतं होती आणि अण्णा बोलायला तयार होता. मग विरोधी सभेत कुणीतरी म्हणालं, "ज्याला सोताचा मामा कारखान्यात घालता येईना, त्यो तुमची पोरं कुठं लावणार?" हे वाक्य दोन दिवसांत गटभर झालं. एसटीत, पानपट्टीवर, दूध घालायच्या रांगेत.

उत्तर अण्णाने शेवटच्या सभेत दिलं. सभा वसाहतीजवळच्या मैदानात होती, भंडारा वाटला होता त्याच. मी पत्रकारांच्या बाकावर होतो. उन्हं कलली होती. अण्णाने आधी रस्त्यांचं सांगितलं, पाण्याचं सांगितलं. मग थांबला आणि आवाज उतरवून म्हणाला, "मामांचं इचारताय. मामांचं वय झालंय. दुष्काळात मेंढरं गेली तवापासनं डोकं जाग्यावर नसतंय. आमी सांभाळतोय. घरच्या माणसाचं दुखणं असं बाजारात आणू नका, हात जोडून सांगतो."

टाळ्या पडल्या. बायकांच्या बाजूला कुणी डोळे पुसले. माझ्या शेजारी दुसऱ्या दैनिकाचा वार्ताहर होता. त्याने लिहिणं थांबवलं आणि माझ्याकडे पाहिलं नाही. ही त्याची सभ्यता होती. कर्णा चाळीच्या दिशेने लावलेला होता आणि पत्र्याच्या खोल्यांत प्रत्येक शब्द ऐकू जात होता.

मी घरी आलो तेव्हा मामा खाटेवर बसून काठीला तेल लावत होता. त्याने विचारलं, "सबा चांगली झाली का रं?" मी हो म्हणालो.

सकाळी वहिनींनी हाक मारली, "भावजी, मामांनी डबा न्हेला न्हाई." खाटेवर घोंगडं नव्हतं. चपला नव्हत्या. कडुनिंबाखाली कुणी नव्हतं. टपरीवाल्याने सांगितलं की मामा पहाटेच्या गाडीने गेला, जाताना त्याच्याकडे चहा घेतला, आणि शंकर आला तर बसायला सांग असं म्हणाला. पुढे कारखान्याने त्याचं नाव कमी केलं. अण्णा निवडून आला.

त्या वर्षीच्या बिरोबाच्या जत्रेत गावाने अण्णाचा सत्कार ठेवला. जिल्हा परिषदेत निवडून गेलेला गावाचा पहिला माणूस, तोही परजिल्ह्यात. तो जीपने आला, मी एसटीने. आप्पा आता थकले होते. अव्वाने अण्णाला ओवाळलं. देवळापुढे ढोल चालू होते. मामा लोकांत बसला होता, नेहमीप्रमाणे कडेला, खांद्यावर घोंगडं घेऊन. त्याच्याकडे पुन्हा थोडी मेंढरं झाली होती.

अण्णाला फेटा बांधला आणि जत्रेच्या रिवाजाप्रमाणे त्याच्या ओंजळीत भंडारा दिला, उधळायला. त्याने उधळला. हवा पिवळी झाली. लोकांनी माना वर केल्या, पोरांनी तोंडं वर केली, कपाळावर पडावा म्हणून. मी मामाकडे बघत होतो. त्याने खांद्यावरचं घोंगडं डोक्यावरून पुढे ओढलं आणि ढोल थांबेपर्यंत तसाच बसून राहिला. घोंगडं मागे सारलं तेव्हा सगळ्या गर्दीत त्याचं एकट्याचं कपाळ कोरं होतं.

अण्णानेही ते पाहिलं. तो गर्दीतून वाट काढत मामापाशी गेला. लोक बाजूला झाले. चार माणसं हवी होती, तिथे सगळं गाव होतं. घोंगडं होतं, देव होता, अण्णाच्या बोटांना भंडारा होता. एक वाक्य बोलायचं होतं. मी ते मनात म्हणून पाहिलं, फार लांब नव्हतं.

अण्णा वाकून मामाच्या पाया पडला. फोटो निघाला. वर येत तो म्हणाला, "मामा, तब्येत बरी हाय न्हवं?"

"बरी हाय," मामा म्हणाला. "डोकंबी जाग्यावर हाय."

जवळचे काही लोक हसले, त्यांना सभेतलं ठाऊक होतं. बाकीचे त्यांचं बघून हसले. अण्णाही हसला. त्याच्या कानामागे भंडारा साचला होता आणि तो तिथे बोट फिरवत होता. थोड्या वेळाने जीप गेली.

मी दुपारच्या एसटीसाठी फाट्याकडे निघालो. अव्वा आता तिथवर येऊ शकत नव्हती. गाव संपल्यावर मागे चपलांचा आवाज आला. मामा होता. मी थांबलो, तोही थांबला. म्हटलं, "मामा, म्होरं या, बरोबर चालू."

"चाल तू," तो म्हणाला. "मी हाय मागं."

मला साताऱ्यात कुणी गाव विचारलं की मी जत सांगतो. गावात कुणी विचारलं तर सातारा. दोन्हीकडे ते खरं असतं आणि दोन्हीकडे सांगताना मान खाली जाते. घर म्हणावं असं काही माझ्याजवळ उरलं असेल तर ती फाट्यापर्यंतची वाट आहे, जिथे माझ्या पाठीमागे एक माणूस चालत होता. मागे पडलेल्यांना बघायला तो मागे राहिला होता. गाडी आल्यावर मी दारात उभा राहून वाटेकडे पाहिलं. त्याच्या मागे कुणीही नव्हतं.